नोकरी सांभाळून एच.आर.ची डिग्री करायची? आधी हे पाहा, मग फॉर्म भरा

जामसांवली (जि. पांढुर्णा) : शनिवारी इथं दर्शनाला आलं की निम्मा बोरगाव भेटतो. पहिल्या पाळीतून सुटलेले, दुसऱ्या पाळीला निघालेले, आठवडी सुटीवाले, सगळे निजलेल्या हनुमानाच्या पायाशी एका रांगेत. मागच्या महिन्यात याच रांगेनंतर चहाच्या टपरीवर एक ओळखीचा माणूस भेटला. वय ३९. सौंसरजवळच्या गावचा, बी.कॉम., बोरगावच्या एका कारखान्यात चौदा वर्षांपासून टाइम ऑफिसला. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी, पी.एफ.चे नंबर, ई.एस.आय.ची कार्डं, अपघात झाला तर फॉर्म, गेटवर भांडण झालं तर समजूत, हे सगळं तोच पाहतो. त्याच्या वर नवा एच.आर. एक्झिक्युटिव्ह आला. वय २४, नागपूरचा, हातात एम.बी.ए. पहिल्याच आठवड्यात त्यानं आमच्या माणसाला विचारलं, "दादा, हा फॉर्म कसा भरायचा?"

"सांगितलं ना मी त्याले," तो म्हणाला. "पोरगा चांगला हाये. पण पगार त्याचा माह्या दुप्पट. साहेब म्हणतात, तुमच्यापाशी डिग्री नाही. तर भाऊ, आता या वयात डिग्री करू का? अन् करू तर कोठून करू?"

हा प्रश्न एकट्याचा नाही. बोरगाव असो, पलीकडे सावनेर-कळमेश्वर असो की हिंगणा-बुटीबोरी, टाइमकीपर, पगारपत्रक करणारे क्लार्क, ठेकेदाराचे सुपरवायझर, सिक्युरिटीचे हेड, असे शेकडो लोक एच.आर.चं काम करतात, पण एच.आर. म्हणून मोजले जात नाहीत. म्हणून हा लेख. छिंदवाडा, बैतूल, बालाघाटपासून बेळगाव, बिदरपर्यंत जे मराठी वाचक महाराष्ट्राच्या बाहेर राहतात आणि महाराष्ट्राकडे तोंड करून जगतात, त्यांना तर यात एक जादा अडचण आहे. तीही सांगतो.

हे काम आलं कुठून

एच.आर. हा शब्द नवा, काम जुनं. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणूस ठेवायचा की काढायचा हे जॉबर ठरवायचा. तो गावाकडून माणसं आणायचा, त्यांच्याकडून पैसे घ्यायचा, उसनवारी द्यायचा आणि पाळीवर मुकादमकीही करायचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा कामगारांचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी मालकाच्या ऑफिसात बसलेलं नव्हतं. १९३१ मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. जॉबरची मनमानी बंद करा, भरतीसाठी आणि तक्रारींसाठी लेबर ऑफिसर नेमा, असं त्यात होतं. १९३४ च्या मुंबईच्या कायद्यानं सरकारी लेबर ऑफिसरही आला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४९ नं सांगितलं की ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं वेल्फेअर ऑफिसर पाहिजेच.

म्हणजे ही खुर्ची कंपनीनं हौसेनं ठेवलेली नाही, कायद्यानं ठेवायला लावलेली आहे. आणि कायद्यानं खुर्ची आली की कायद्यानं पात्रताही येते. डिग्रीचा हट्ट इथून सुरू होतो. (जॉबर गेला म्हणतात. ठेकेदाराची वही पाहिली की मला तसं वाटत नाही. पण तो वेगळा विषय.)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात वेल्फेअर ऑफिसरची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली. जे मध्यम कारखाने आतापर्यंत या कलमाच्या बाहेर होते त्यांतले काही आता आत येतील. शिवाय पगाराची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग पगारातच धरायचा. ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानं ग्रॅच्युइटीचा हक्क आला. हे सगळं पगारपत्रकात बसवणारा माणूस लागतो. काम वाढणार हे नक्की. ते तुम्हालाच मिळेल हे नक्की नाही.

कोणती डिग्री, कशासाठी

इथं बहुतेक लोक चुकतात. "एच.आर.ची डिग्री" अशी एकच वस्तू नाही. तुम्हाला कोणती खुर्ची हवी आहे त्यावर कागद ठरतो.

खाजगी कारखान्यात टाइम ऑफिसमधून एच.आर. ऑफिसर व्हायचं असेल तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची एम.बी.ए. बहुतेक वेळा चालते. अनुभव तुमच्याकडे आहे, कागदाची जागा रिकामी आहे, ती भरते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नूची एच.आर.मधली एम.बी.ए. आपल्या भागात सगळ्यात जास्त केली जाते. कोणतीही पदवी, खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४५ टक्के गुण. पूर्वी ओपनमॅट नावाची प्रवेश परीक्षा होती, आता ती द्यावी लागत नाही. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. चार सेमिस्टर, प्रोजेक्ट धरून २८ विषय. एकूण फी साठ ते सत्तर हजारांच्या घरात जाते, ती सेमिस्टरप्रमाणे भरायची असते. परीक्षा फी प्रत्येक पेपरची वेगळी. आकडा दरवर्षी थोडा हलतो, त्यामुळे फॉर्मच्या दिवशीचा पाहा.

वेल्फेअर ऑफिसर व्हायचं असेल तर गोष्ट निराळी. त्याची पात्रता राज्य सरकार आपल्या नियमात लिहितं आणि राज्याराज्यांत ती वेगळी असते. जाहिराती पाहा. महाराष्ट्रात या जागेसाठी एम.एस.डब्ल्यू., कामगार अभ्यासाची पदव्युत्तर पदवी, कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा अशी नावं येतात. नुसती "एम.बी.ए. एच.आर." तिथं पुरेल असं धरून चालू नका. आधी नियमाची यादी काढा, तुमच्या विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव तीत शोधा, मग पैसे भरा. अनेक राज्यांच्या नियमांत आणखी एक अट असते : बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती या अधिकाऱ्याला यायला हवी. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला मराठीही येते, हिंदीही येते. भोपाळच्या पोराला आणि पुण्याच्या पोराला मात्र यातली एकच नीट येते. आपल्याकडे ही गोष्ट कुणी बायोडाटात लिहित नाही. लिहा.

वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉईल अशा सरकारी कंपन्यांचं स्वप्न असेल तर थोडं कडू सांगतो. या प्रकारच्या अधिकारीपदांच्या जाहिरातींत अनेकदा दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी आणि साठ टक्के मागतात, आणि वयाची मर्यादा तिशीच्या आसपास असते. चाळिशीच्या माणसानं त्या जाहिरातीसाठी दूरशिक्षणाची एम.बी.ए. करू नये. ज्यांची मुलं आता बारावीत आहेत त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं. नागपूरला तिरपुडे आणि मातृसेवा संघ यांच्या समाजकार्य महाविद्यालयांतून गेल्या दोन-तीन पिढ्यांत कितीतरी कामगार अधिकारी तयार झाले. नागपूर विद्यापीठाची एम.आय.आर.पी.एम. ही पदवीही याच कामाची. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आणि परळची, आज नारायण मेघाजी लोखंडे यांचंच नाव असलेली महाराष्ट्र कामगार अभ्यास संस्था आहे. पण ती सगळी दिवसभर वर्गात बसणाऱ्यांची वाट आहे.

टक्क्यांची अडचण मोठी आहे. आपल्याकडे बी.कॉम. झालेले अर्धे लोक ४५ ते ५० च्या मध्ये अडकलेले आहेत. (मी स्वतः किती टक्क्यांचा बी.कॉम. आहे ते इथं लिहित नाही.) ज्यांना ५० नाहीत त्यांच्यासाठी इग्नूची एम.एस.डब्ल्यू. उघडी आहे. तिला कोणतीही पदवी चालते. तिच्यात फिल्डवर्क करावं लागतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ते जड जातं, पण जमलं तर कारखान्यात तिला मान आहे.

सीमेवरची भानगड

आता ती जादा अडचण. आपण मराठी, पण आपला पत्ता मध्य प्रदेशचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मराठीत असतात, म्हणून अनेकांना वाटतं तिथंच करावं. १९८९ पासूनचं चांगलं विद्यापीठ आहे. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यू.जी.सी.चा, हा नियम आहे. त्यामुळे पांढुर्ण्यात किंवा सौंसरात कुणी बोर्ड लावून नाशिकच्या विद्यापीठाचं "सेंटर" म्हणून पैसे घेत असेल तर तिथून उठून या. तुम्हाला ते विद्यापीठ हवंच असेल तर त्याचं माहितीपुस्तक वाचा आणि सावनेर, काटोल, वरुड किंवा नागपूर, जिथं त्याचं खरं केंद्र असेल तिथं स्वतः जा. संपर्कसत्र आणि परीक्षा महाराष्ट्रातच होणार, हे धरून चाला. तसंच भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाचं. त्याचं केंद्र मध्य प्रदेशातच असू शकतं, नागपुरात नाही.

इग्नू केंद्रीय विद्यापीठ आहे, त्याला ही राज्याची भिंत नाही. फॉर्म भरताना प्रादेशिक केंद्र निवडावं लागतं. आपल्याकडचे लोक राज्य पाहून सरळ मध्य प्रदेशातलं केंद्र टाकतात. जबलपूर सौंसरहून अडीचशे किलोमीटरच्या वर, नागपूर साठेक किलोमीटर. कागदाचं काम पडलं, ओळखपत्र अडकलं, मार्कशीटमध्ये नाव चुकलं, तर कुठं जायला परवडेल? फॉर्ममध्ये आधी तो रकाना नीट विचार करून भरा, अभ्यासकेंद्र कोणतं मिळतं ते पाहा, मग पुढे जा. नंतर बदलता येतं, पण त्यात महिने जातात.

ऑनलाइन डिग्रीला, म्हणजे जिथं वर्ग आणि परीक्षा सगळं इंटरनेटवरून चालतं तिला, हद्दीची अट नाही. पण विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यू.जी.सी.ची ऑनलाइनची परवानगी पाहिजे. दूरशिक्षणाची परवानगी वेगळी, ऑनलाइनची वेगळी. फोनवरचा "काउन्सेलर" हे दोन्ही एकच सांगतो.

हद्दीचा नियम मोडला की काय होतं ते कर्नाटकात दिसलं. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठानं राज्याबाहेर केंद्रं चालवल्यामुळे यू.जी.सी.नं २०१३-१४ पासूनची मान्यता काढून घेतली. ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी फी भरली होती, अभ्यास केला होता, काहींची परीक्षाही झाली होती, आणि हातातल्या कागदाचं काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं. बेळगावकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठ सरकारी होतं, खोटं नव्हतं. तरी झालं. म्हणून "सरकारी आहे ना, मग काय पाहायचं" असं म्हणू नका. तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी, तुमच्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, एवढी एक ओळ यू.जी.सी.च्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे मी घरचा अनुभव म्हणूनही सांगतो. माझ्या मावसभावानं मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका "एज्युकेशन सेंटर"मध्ये ४२ हजार भरले. एका वर्षात एम.बी.ए., परीक्षेला फक्त सही करायला या, असं सांगितलं होतं. दुसरा हप्ता मागताना त्यांनी म्हटलं, आणखी वीस द्या, मागच्या तारखेची देतो. तेव्हा तो माझ्याकडे आला. त्या विद्यापीठाचं नाव यादीत होतं, पण एच.आर.ची एम.बी.ए. त्या यादीत नव्हती, आणि त्या दुकानाचा तर विद्यापीठाशी काहीच संबंध नव्हता. फ्रँचायझीवर केंद्र चालवायला नियमानं बंदीच आहे. पैसे परत आले नाहीत. तक्रार करायची म्हटलं तर तो म्हणाला, लोक हसतील. ते सेंटर पुढचं वर्षभर चालू होतं.

खरी मान्यता असेल तर मात्र कमीपणा मानायचं कारण नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यू.जी.सी.नं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मुलाखतीत कुणी नाक मुरडलं तर त्या पत्राची प्रत पुढे करा.

कागदपत्रं

फॉर्मच्या आधी दोन नंबर काढावे लागतात. एक ए.बी.सी. आय.डी., म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं. ते डिजिलॉकरमधून आधारवर निघतं. दुसरा डी.ई.बी. आय.डी. २०२४ पासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशासाठी तो सक्तीचा आहे आणि पहिल्या नंबरशिवाय निघत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे गाडी इथंच अडते, कारण आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. दहावीच्या हिंदी मार्कशीटवर एक, कॉलेजात इंग्रजीत दुसरं, आधारवर ऑपरेटरनं ऐकलं तसं तिसरं. आडनाव कधी आधी, कधी शेवटी. बापाचं नाव एकात आहे, एकात नाही.

महिलांचं तर विचारूच नका. नरखेड-काटोलची मुलगी, महाराष्ट्र बोर्डाची दहावी, अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाची पदवी, लग्न होऊन पांढुर्ण्यात आली, आधार सासरच्या नावानं. तिच्याकडे तीन नावं आणि दोन राज्यं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र लागलं तर तेही, आणि आधार आधी दुरुस्त करा. प्रवेशाची खिडकी उघडल्यावर हे काम सुरू केलं तर ते सेमिस्टर गेलं समजा. राखीव वर्गाचा फायदा घ्यायचा असेल तर जातीचा दाखला कोणत्या राज्याचा आहे तेही पाहून घ्या. लग्नानं राज्य बदलतं, दाखला बदलत नाही.

मार्कशीट हरवली असेल तर आणखी एक शोध. आपल्या भागातली कॉलेजं आधी सागर विद्यापीठाला जोडलेली होती. २००९ मध्ये सागर केंद्रीय विद्यापीठ झालं आणि कॉलेजं जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाकडे गेली. २०१९ मध्ये छिंदवाड्याचं विद्यापीठ आलं, ज्याचं नाव आता राजा शंकर शाह विद्यापीठ आहे. त्यामुळे एकाच घरात थोरल्याची पदवी सागरची, मधल्याची जबलपूरची, धाकट्याची छिंदवाड्याची. डुप्लिकेट मार्कशीट ज्यानं दिली त्याच विद्यापीठाकडून मिळते, कॉलेजकडून नाही.

पाळी आणि पेपर

आता अभ्यासाचं. नोकरीवाल्या माणसाची डिग्री अर्धी राहते ती बुद्धी कमी म्हणून नाही, गणित चुकल्यामुळे. दोन वर्षांत २८ विषय म्हणजे दर सहा महिन्यांनी सात. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाला सात पेपर कधीच झेपत नाहीत. तो पहिल्या जूनला सातही भरतो, तीनमध्ये बसतो, दोनमध्ये पास होतो, आणि "आपल्याच्यानं होत नाही" म्हणून सोडून देतो. चार वर्षांची मुभा आहे ती याचसाठी. चार वर्षांत आठ परीक्षा. दर वेळी तीन-चार पेपर. पुढच्या सेमिस्टरची नोंदणी आधीचे पेपर राहिले म्हणून थांबत नाही, ती वेळेवर करत राहायची. परीक्षा फी मात्र जेवढ्यांना बसणार तेवढ्यांचीच भरायची.

परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. डिसेंबरमध्ये आपल्याकडे आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला असतो, कापूस वेचायला असतो आणि मजूर मिळत नाही. ज्यांची शेती आहे त्यांनी जूनला चार-पाच आणि डिसेंबरला दोन-तीन असा हिशेब ठेवावा. प्रत्येक विषयाचा स्वाध्याय म्हणजे असाइनमेंट परीक्षेआधी जमा करावी लागते, तिला ३० टक्के वजन आहे. डिसेंबरच्या परीक्षेच्या असाइनमेंट पोळा-गोटमारच्या दिवसांत लिहाव्या लागतात. त्या दिवसांत पांढुर्ण्यात कुणी काही लिहील असं मला वाटत नाही, म्हणून श्रावणात लिहून टाका. बाजारात तयार असाइनमेंट विकत मिळतात. त्या घेऊ नका असं मी नीतीसाठी सांगत नाही. ती लिहिली की तीस टक्के पेपरचा अभ्यास आपोआप होतो, विकत घेतली की होत नाही, एवढाच हिशेब.

कोणता विषय जड जाईल? आमच्या बी.कॉम.वाल्यांना हिशेबाचा पेपर सोपा जातो. संख्याशास्त्राचा जातो जड, त्याला लवकर हात घाला, शेवटी ठेवू नका. भाषा ही दुसरी भीती. बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. पण एक गोष्ट लोकांना माहीत नाही. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, प्रवेश न घेता. फी भरण्याआधी मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पुस्तकाचा पहिला भाग उतरवा आणि रोज अर्धा तास, पंधरा दिवस वाचा. पंधराव्या दिवशीही उघडत असाल तर फॉर्म भरा.

औद्योगिक संबंध आणि मोबदल्याचे विषय आले की टाइम ऑफिसवाल्याला बरं वाटेल, कारण ते त्याच्या टेबलावरचं काम आहे. उदाहरणार्थ ग्रॅच्युइटी. शेवटचा मासिक पगार, मूळ अधिक महागाई भत्ता, त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा, आणि जितकी वर्षं नोकरी तितक्यांनी गुणा. पगार १३,००० असेल तर वर्षाचे ७,५०० होतात, दहा वर्षांचे ७५,०००. पुस्तकात हे दोन पानांत आहे. आमचा टपरीवरचा माणूस हे तोंडी करतो. त्याला माहीत नव्हतं ते इतकंच, की २६ का. महिन्याचे ३० दिवस वजा चार रविवार, म्हणून २६. तो रविवार लोखंडेंच्या वेळचा.

तसंच पी.एफ. वीस माणसांपासून, ई.एस.आय. दहा माणसांपासून. पी.एफ. कामगाराचा १२ टक्के आणि मालकाचा १२ टक्के, ई.एस.आय. कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन. पण किमान वेतन मध्य प्रदेशचं वेगळं, महाराष्ट्राचं वेगळं. कामगार कल्याण निधी वेगळा, व्यवसाय कर वेगळा, नमुने वेगळे. सौंसरात राहून सावनेरला काम करणारा, किंवा एकाच ठेकेदाराची माणसं दोन्हीकडे असणारा, याला दोन राज्यांचं पगारपत्रक येणं भाग आहे. ते कोणत्याच एम.बी.ए.त शिकवत नाहीत, आणि नागपूरच्या कंपन्यांना असा माणूस शोधूनही सापडत नाही. प्रोजेक्टचा विषय निवडायचा असेल तर हाच निवडा. इंटरनेटवरून उचललेला "कर्मचारी समाधान" विषयाचा प्रोजेक्ट मुलाखतीत कुणी उघडूनही पाहत नाही.

मालकाशी बोलून ठेवा हेही सांगितलं पाहिजे. बरेच लोक चोरून शिकतात. कळलं तर काढतील असं वाटतं. उलट परीक्षेच्या तारखा आधी लेखी देऊन ठेवल्या तर पाळी बदलून मिळण्याची शक्यता वाढते, आणि डिग्री झाल्यावर पदाचं काय, हा प्रश्न कागदावर येतो. काही कंपन्या फीचा भागही देतात. तोंडी आश्वासन धरू नका, ई-मेल करा, उत्तर येऊ द्या. डिग्री झाली आणि त्याच कंपनीनं त्याच टेबलावर बसवून ठेवलं, असं होतं. तेव्हा गाव न सोडता नागपूरला रोज ये-जा करायची तयारी आहे का, हे पहिला हप्ता भरण्याआधी घरात बोलून घ्या. मुलांच्या शाळेची फी आणि ही फी एकाच महिन्यात येते.

टपरीवरचा माणूस मागच्या शनिवारी पुन्हा भेटला. त्याचे ५१ टक्के निघाले, सागरची मार्कशीट सापडली. आधारवर नाव चुकलं आहे, दुरुस्तीला टाकलं आहे. ई-ज्ञानकोशचं पुस्तक मोबाइलमध्ये घेतलं, अकरा दिवस झाले वाचतो. मुलगी दहावीत आहे, इंग्रजी शब्द तीच सांगते. नव्या एच.आर.नं त्याला आपल्या जुन्या नोट्स द्यायचं कबूल केलं आहे.

"अन् बदल्यात?" मी विचारलं.

"त्याले ई.एस.आय.चं पोर्टल शिकवतो," तो म्हणाला आणि दुसऱ्या पाळीच्या बसकडे पळाला.